चादरीमागचे मासे

४ फेब्रुवारी, रविवार

ही वही घेऊन महिना झाला आणि आज पहिलं पान लिहितोय. उशीर झाला हे मान्य. पण कारणं आहेत. पहिल्या आठवड्यात पेन नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पेन मिळालं, तर वही भाचीने गणितं सोडवायला नेलेली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही हाताशी होतं, पण पलीकडच्या गल्लीत पाण्याची जुनी टाकी पाडत होते, ती बघण्यात दिवस गेले. टाकी पडणं रोज होत नाही. वही रोज असते.

आता मात्र लिहायलाच हवं, कारण नोकरी लागली आहे. झालं असं की एका संस्थेच्या ऑफिसात प्रोजेक्टर दुरुस्त करायला गेलो होतो. (दुरुस्त झाला नाही.) तिथल्या मॅडम फोनवर ओरडत होत्या की शाळेतल्या मुलांचा लठ्ठपणा कमी करायचा कार्यक्रम तोंडावर आलाय आणि समन्वयक पळाला. फोन आपटून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुम्हाला मुलांचा काही अनुभव? म्हटलं, घरात एक आहे. म्हणाल्या, बसा.

घर म्हणजे ताईचं. पंधरा दिवसांसाठी आलो होतो, त्याला वर्ष होत आलं. दाजी गोदामात सुपरवायझर. बातमी ऐकून म्हणाले, म्हणजे आता हा मुलांना सांगणार, जागचे हला. आधी याला कोणीतरी एका जागी बसवा.

घरातलं एक मूल म्हणजे चिमणी. ताईची मुलगी, अकरा वर्षांची. दिवस भरायच्या आधीच जन्मली. पावाच्या लादीपेक्षा हलकी होती म्हणे. डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. ताईने थेंब थेंब दूध पाजून जगवली, आणि तेव्हा हातात घेतलेला चमचा ताईने अजून खाली ठेवलेला नाही. आता चिमणी माझ्यापेक्षा रुंद आहे. नाव तेच राहिलं. कार्यक्रमाच्या यादीत तीही आहे. बरंच झालं, घरचाच नमुना.

संकल्प: रोज लिहिणे. लवकर उठणे. एका वेळी एकच काम करणे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आराखडा लिहायला बसलो. शीर्षक झालं. शीर्षकाखाली रेघ मारायला पट्टी हवी होती, ती चिमणीच्या दप्तरात सापडली. पट्टीबरोबर कंपासपेटी सापडली. म्हणून मग बोधचिन्ह काढलं: उडी मारणारं मूल. ताई म्हणाली, बेडूक छान काढलायस. बेडूकही उडीच मारतो.

मुद्दा पहिला: बिस्किटं बंद. हा मुद्दा सुचेपर्यंत अर्धा पुडा संपला. हे संशोधनात धरावं.

मुद्दा दुसरा: उद्या.

७ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनी विचारलं, कार्यक्रम यशस्वी झाला हे कसं ओळखणार? म्हटलं, बघून. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग शांतपणे समजावलं. प्रत्येक मुलाची उंची आणि वजन, दोन्ही. एकेकाला आत बोलावून, दार लावून. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. वाढत्या वयात उंचीबरोबर वजन थोडं वाढणारच, त्यामुळे नुसता काटा बघायचा नाही. मूल रोज येतंय का, खेळतंय का, काय खातंय, हे आधी बघायचं. शिवाय तुलनेसाठी एक गट, ज्याने काहीच करायचं नाही. असा गट मी लगेच सुचवला: शिक्षकांची खोली. मॅडम हसल्या नाहीत. सगळं कागदावर लिहून घेतलं आहे. कागद कुठे ठेवला ते आठवेलच.

बावीस मार्चला मूल्यमापन करायला बाहेरून बाई येणार. शेरा चांगला आला तर कार्यक्रम सगळ्या शाळांत आणि मी कायम. नाही तर तुम्ही परत प्रोजेक्टरकडे, असं मॅडम म्हणाल्या.

रात्री जेवताना घरी सांगितलं. दाजी म्हणाले, मार्चअखेर आपली खोली बघायची बरं का पाहुणे. ताई म्हणाली, नोकरी टिकली नाही तर खोली कशी बघेल? जाईल पुन्हा कुठेतरी गाव सोडून. मी चिमणीला म्हटलं, मामा कुठेही जात नाही. ती म्हणाली, मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. मग चार वर्षं आलाच नाहीस.

मुलांची स्मरणशक्ती विनाकारण चांगली असते.

१० फेब्रुवारी, शनिवार

काल वर्गात एकेकाचं वजन करून बघितलं. पहिल्याच जाड्या मुलाचं नाव पुकारलं तर मागच्या बाकावरून कोणीतरी टेबल मोडल्याचा आवाज तोंडाने काढला. वर्ग फुटला. तो मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी तिथेच थांबवलं. असल्या बाबतीत माझं काळीज फार मऊ आहे. दार लावून करायचं असं मॅडम म्हणाल्या होत्या खऱ्या, पण दाराची कडी तुटलेली आहे, आणि ती दुरुस्त करायला घेतली तर दारच निघून आलं.

आणि आज सकाळी दात घासताना युक्ती सुचली!

गोदामात पोती मोजायचा मोठा काटा आहे. त्यावर आठ मुलं एकदम उभी करायची. आकडा एकच. कोणाचं किती, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वर समोर ताईची निळ्या फुलांची चादर दोरीवर टांगायची. मुलं चादरीमागे, डोळे मिटून. मी चादरीपुढे, नजर फक्त काट्याच्या तबकडीवर. लाज नावालाही उरणार नाही. शिवाय चुरस: आठ-आठ जणांचे संघ, दर शुक्रवारी वजन, आकडा फळ्यावर. सगळ्यात जास्त उतरणाऱ्या संघाला बक्षीस, पोहण्याच्या तलावावर पूर्ण दिवस.

जगात हे कोणाला सुचलं कसं नाही?

मॅडमना विचारायला फोन केला. लागला नाही. म्हणजे त्यांची हरकत नाही.

उंचीचं नंतर बघू. उंची कुठे पळून जात नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं वजन. दाजींनी टेम्पोतून काटा पाठवला, वर निरोप की दर वेळी वजन झालं की काटा परत, आणि मध्येच पोती आली तर पोरं उतरवून पाठव. चार संघ: चित्ते, हरणं, घारी, मासे. मासे हे नाव चिमणीने मागून घेतलं. माशांची कॅप्टन एक काटकुळी, लांब पायांची मुलगी आहे. सगळे तिला कॅप्टनच म्हणतात.

चादरीमागून खुसखुस, ढकलाढकली, कोणाचा तरी पाय कोणाच्या पायावर. पण लाज? शून्य. पीटीचे सर भिंतीला टेकून बघत होते. म्हणाले, साहेब, आठच आहेत ना मागे, मोजली का? म्हटलं, सर, डोकी मोजणं म्हणजे अविश्वास दाखवणं. हा कार्यक्रम विश्वासावर चालतो. ते म्हणाले, काटा मात्र गोदामाचा.

त्यानंतर व्यायामाचा तास. पण कुंपणापलीकडे क्रेन आली होती, लोखंडी खांब उचलत होती. तास क्रेनवर गेला. सगळ्यांनी मान वर करून बघितलं. मानेला व्यायाम झाला.

१८ फेब्रुवारी, रविवार

तलावावर जाऊन बक्षिसाचं ठरवून आलो. तलाव गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बस बदलावी लागते. चिमणीला बरोबर नेलं. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेला म्हातारा रखवालदार आहे. मी ऑफिसात बोलत असताना त्याने तिला पाण्यात सोडलं.

बाहेर येऊन बघतो तर काय. ही पोर घरात जिना चढताना दोनदा थांबते. पाण्यात तिला वजनच नव्हतं. या काठावरून बुडी, त्या काठाला डोकं वर. शिट्टीवाला म्हणाला, ही पोर नाही, मासोळी आहे. हिला कोण म्हणतं जड? चिमणी अशी हसली की मी घरात तसं कधी बघितलं नाही. परत येताना बसमध्ये दर थांब्याला विचारत होती, मामा, मासे जिंकले तर मी सगळ्यांना पोहायला शिकवू? कॅप्टनला तर पाण्याची भीती वाटते.

मी हो म्हटलं बहुतेक. समोरच्या सीटवरचा माणूस माउथ ऑर्गन वाजवत होता, त्यात लक्ष होतं. माउथ ऑर्गन शिकायला काही वेळ लागत नाही असं तो म्हणाला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं वजन. सगळ्यांचं थोडं वाढलं. काट्याला प्रवास बाधला असावा. मासे शेवटचे.

रात्री जेवताना वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, या माशांना कोणीतरी नांगर बांधलाय. दाजी खोकेपर्यंत हसले. ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ताटात पडलेली माशी. पण सगळ्यात जास्त कोण हसलं? चिमणी. हसता हसता ताट घेऊन उठली. खिलाडू वृत्ती म्हणजे हीच.

नंतर विचारत होती, मामा, आकडे खराब आले तर तुला खरंच काढतील? म्हटलं, आकडे खराब येणारच नाहीत. पण आले तर? म्हटलं, तर मामा पुन्हा रस्त्याला. गंमत म्हणून म्हटलं.

१ मार्च, शुक्रवार

विजय!!

मासे पहिले! आणि नुसते पहिले नाहीत. काटा असा मागे सरकला की मी तबकडीवर बोट आपटून बघितलं. एका आठवड्यात माशांनी एका माणसाएवढं वजन उतरवलं. अक्षरशः एका माणसाएवढं!

कारण शोधलं पाहिजे. मंगळवारी मी जिद्द या विषयावर भाषण केलं होतं. अर्ध्यात विसरलो, तरी इतका परिणाम. पूर्ण केलं असतं तर?

घरी आल्या आल्या चिमणीला उचलायला गेलो. (उचलली गेली नाही, पाठीत उसण.) म्हटलं, बघितलंस, तुझ्या माशांनी काय केलं! ती म्हणाली, हो मामा. तू खूश आहेस ना? तिच्या केसांत कोळिष्टक होतं. काढून टाकलं. मुलं कुठे कुठे खेळतात.

५ मार्च, मंगळवार

माउथ ऑर्गन आणला. ओठ सुजले.

संध्याकाळी चिमणी शेजारी येऊन बसली. म्हणाली, समज एखादी मुलगी संघात आहे, पण शुक्रवारी वजनाला नसली, आणि संघ जिंकला, तर तिला तलावावर नेतील? मी ओळखलं, कोणीतरी कामचुकार मैत्रीण हिच्याआडून विचारते आहे. अशा वेळी समन्वयकाने खंबीर राहायचं असतं. तिथल्या तिथे नियम केला: जो वजनाला नाही, त्याने पाण्यात पाय घालायचा नाही. नियम म्हणजे नियम.

ती म्हणाली, बरं.

किती समजूतदार. तिच्या मैत्रिणीला निरोप पोचेल.

८ मार्च, शुक्रवार

आज हरणं आणि घारीही उतरल्या! त्यांनीही एकेका माणसाएवढं. चित्ते मागे राहिले म्हणून त्यांचा कॅप्टन रडकुंडीला आला होता. माशांच्या कॅप्टनने त्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी समजावलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. ज्ञान असं पसरतं. एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे.

मॅडमना आकडे कळवले. त्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, हे शरीराला शक्य आहे का? त्यांच्या आवाजात कौतुक दाटून आलं होतं.

१२ मार्च, मंगळवार

घरात कटकट. ताई म्हणते, पोरीचा डबा चार दिवस तसाच्या तसा परत येतोय. रात्री म्हणते पोट दुखतं. काल पाव-लोणी समोर ठेवलं तर उठून गेली. काय डोक्यात भरवलंयस तिच्या? मी ताईला समजावलं की यालाच कार्यक्रमाचा परिणाम म्हणतात. ताई म्हणाली, हिला जगवायला मी हात जोडले नाहीत असा एक दरवाजा नाही, आणि तू मला परिणाम शिकवतोस? मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच.

आईच्या मायेने मुलांचं किती नुकसान होतं यावर अहवालात एक परिच्छेद टाकावा.

झोपायच्या आधी चिमणीने विचारलं, मामा, एका आठवड्यात माणसाएवढं वजन खरंच उतरतं का? म्हटलं, तुझ्याच संघाने उतरवलं की. मनात आणलं तर सगळं होतं. ती म्हणाली, म्हणजे मीपण शेवटच्या शुक्रवारपर्यंत? म्हटलं, अगदी तू पण.

मुलांना उभारी द्यावी लागते. नाही तर कोण देणार?

१५ मार्च, शुक्रवार

आकडे इतके उतरले की काटा आता गोदामाचा न वापरता दुकानातला आणला तरी चालेल. चित्तेही आले रांगेत. माशांचं वजन पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी! चादरीमागेही कशी शिस्त आली आहे. पूर्वी ढकलाढकली, आता शांतता.

पीटीचे सर म्हणाले, साहेब, मागे मुलं आहेत की कोंबडीची पिल्लं? एकदा चादर वर करून बघा की. म्हटलं, सर, तो मुलांचा खासगीपणा आहे. ते म्हणाले, कोंबड्यांना तो नसतो. या माणसाला माझं यश बघवत नाही. त्याने इतकी वर्षं शिट्टी फुंकली, एक किलो उतरवता आला नाही.

चिमणी शाळेतून आली ती जिन्यावर बसून राहिली. चार पायऱ्या चढायच्या राहिल्या होत्या. म्हणाली, चक्कर नाही, नुसतं बसलेय. तिला पाणी दिलं. दप्तरही मीच वर नेलं. मामा म्हणून जे करायचं त्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

१८ मार्च, सोमवार

अहवाल पूर्ण. आलेख काढला आहे: रेघ डावीकडून वर निघते आणि उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखी खाली येते. ही रेघ अशीच गेली तर जूनपर्यंत संघांचं वजन शून्य होईल. हे वाक्य आधी लिहिलं होतं, मग खोडलं. नम्रता हवी.

मुखपृष्ठावर एखाद्या मुलाचा फोटो हवा. चिमणीला म्हटलं, तू उभी राहा. ती म्हणाली, मी नको मामा, मी बारीक झाले नाही. सकाळी एकटीच गोदामातल्या काट्यावर उभी राहून आली होती म्हणे. थोडंच उतरलं. म्हटलं, चार दिवस आहेत अजून. ती म्हणाली, नाही पुरणार.

मग बेडूकच ठेवला.

आता लागल्यासारखीच आहे नोकरी. मोटरसायकल बघून आलो. लाल.

२२ मार्च, शुक्रवार, सकाळी

इस्त्रीचा शर्ट. अहवाल. चादर धुऊन वाळवून घेतली. आज सगळं सरळ होणार.

चिमणी माझ्या आधीच निघाली. निघताना तिने माझ्या खिशाला पेन लावून दिलं. म्हणाली, मामा, घाबरू नकोस. आज आकडा एकदम छान येईल. मी बघते ना. मग ताईला मिठी मारली. ताई म्हणाली, आज काय विशेष? डबा न्यायला विसरली. की ठेवूनच गेली. ओट्यावर आहे.

२२ मार्च, संध्याकाळी

लिहितोय कारण ताई म्हणाली, तू घरातच थांब, ती आली तर कोणीतरी हवं. आणि माझ्याशी बोलू नकोस. म्हणून लिहितोय.

क्रमाने लिहितो.

मूल्यमापनाच्या बाई आल्या. बुटक्या, पायात साध्या चपला, पर्समध्ये मापाची टेप. मी अहवाल पुढे केला. त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाल्या, आधी मुलं बघू. आधी मासे घेतले. चादरीमागे पावलं वाजली. काटा खूप खाली थांबला. मी आकडा मोठ्याने वाचला. मॅडम होत्या, हेडसर होते, पीटीचे सर होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाई म्हणाल्या, ही चादर कशाला? मी खासगीपणाचं सांगायला लागलो. माझं वाक्य चालू असतानाच त्यांनी चादर बाजूला केली.

काट्यावर तीन मुली होत्या. मध्ये कॅप्टन. एकमेकींचे हात धरलेले. तिघींनी डोळे मिटून घेतले होते, कारण डोळे मिटायचे हा माझा नियम. चादर गेली तरी त्यांनी उघडले नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, बाकीच्या पाच जणी? मी म्हटलं, येतील, उशीर झाला असेल. तेव्हा त्यांतली सगळ्यात लहान, डोळे मिटूनच म्हणाली, त्या लपल्यात. दर शुक्रवारी लपतात.

मग शाळा शोधली. चटयांच्या खोलीत तिघं निघाले. जिन्याखाली दोघी. पडक्या न्हाणीघरात चार, दाराला आतून पाठ लावून. एक जण ग्रंथालयात मजेत पुस्तक वाचत होता, त्याला उठायचं नव्हतं. बाहेर आले आणि न सांगता ओळीत उभे राहिले. अंगाला धूळ. त्यांत तो पहिल्या दिवशीचा मुलगाही होता. अजून बुटांकडेच बघत होता.

बाईंनी तीच चादर पुन्हा दोरीवर घातली. एकेकाला मागे घेतलं, नाव विचारलं, उंची मोजली, वजन केलं, काहीतरी कानात बोलल्या. दोनतीन जण हसत बाहेर आले. त्यात फार वेळ गेला असंही नाही. मग मला म्हणाल्या, वजनं होती तिथेच आहेत, थोडी वाढलीत. तुमच्या कार्यक्रमाने एकच गोष्ट कमी केली. मी म्हटलं, कोणती? (खरंच विचारलं. मला वाटलं, काहीतरी कमी झालं ना.) म्हणाल्या, शुक्रवारी शाळेत येणारी मुलं.

मी काटा जुना असल्याचं सांगत होतो तेव्हा पीटीचे सर म्हणाले, साहेब, तुमची भाची कुठे आहे?

ती कुठेच नव्हती. न्हाणीघरात नव्हती. चटयांत नव्हती. मी चटया पुन्हा उलथून बघितल्या. ती चटईखाली मावणार नाही, तरी बघितल्या.

कॅप्टन रडायला लागली. म्हणाली, आम्ही तिला घालवलं नाही. शप्पथ. तीच म्हणाली होती, मी नसले की आपण पहिल्या, आणि मामाची नोकरीपण राहील. तीच पहिली लपली. मग हरणांनी बघितलं, मग सगळ्यांनीच. पण आज ती लपायला आलीच नाही. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही खूप खूश होता.

ताईला शाळेतून फोन गेला. ताई आली तीच घरातल्या चपलांवर. दाजी टेम्पो घेऊन स्टँडकडे गेलेत. पीटीचे सर मैदानामागची विहीर बघायला गेले आहेत, हे मला हेडसरांनी दुसरीकडे बघत सांगितलं.

मॅडमचा फोन आला होता, तुमचं आपण सोमवारी बघू. लाल मोटरसायकल डोक्यात येऊन गेली. का आली माहीत नाही.

संकल्प: ती आली की

तिच्या मैत्रिणींच्या घरी जाऊन बघितलं असतं, पण तिच्या मैत्रिणी कोण हे मला माहीत नाही. कॅप्टन तेवढी माहीत. वर्षभर एका घरात आहे. तिला काय आवडतं असं हेडसरांनी विचारलं, तर मी म्हटलं, पाव-लोणी. ते म्हणाले, ते नव्हे, कुठे जायला आवडतं?

तेव्हा सुचलं नाही. मला वाटतं मी दाराच्या कडीचा विचार करत होतो. ती दुरुस्त केली असती तर

ओट्यावर डबा तसाच आहे. ताई बाहेर पायरीवर बसली आहे. हातात चमचा आहे. कधी घेतला कोण जाणे.

अंधारायला लागलं.

फाटक वाजलं. दाजी नाहीत, टेम्पोचा आवाज आला नाही. खिडकीतून दिसतंय. तलावावरचा शिट्टीवाला आहे. एकटाच. त्याच्या हातात चिमणीचं दप्तर आहे.

ताई उठली नाही. बसल्या जागेवरूनच काहीतरी विचारलं. तो हात हलवून सांगतोय, आहे, आहे, बाई, रडू नका, ऑफिसात बसवून आलोय, पत्ता दप्तरात मिळाला. सकाळपासून काठावर बसून आहे पोर. बूटसुद्धा काढले नाहीत. मी म्हटलं, अगं मासोळी, उतर की पाण्यात, तिकीट माझ्याकडून माफ. तर म्हणते, मला परवानगी नाही, मी वजनाला नव्हते. म्हटलं, मग घरी जा. म्हणते, आज नको, आज मामाची परीक्षा आहे. दुपारनंतर बोलेनाशी झाली. दूध दिलं तर घेईना.

आता तो फाटकाच्या आत आला आहे. ताई उभी राहिली आहे. तो घराकडे बघून विचारतोय, मामा कोण?